मोजणाऱ्याची जबाबदारी

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरचे चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर गेले आणि फलंदाजाने बॅट फिरवण्याचा मोह आवरला, तर त्याला पहिला बेस आपोआप मिळतो. याला ‘वॉक’ म्हणतात. फटका मारून बेस गाठला काय किंवा संयम राखून गाठला काय, फलंदाज बाद झालेला नसतो आणि धावेची वाट मोकळी झालेली असते. तरीही शतकाहून अधिक काळ या संयमाला जवळजवळ काहीच किंमत नव्हती.

याचे मूळ हिशेबाच्या वहीत आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये पत्रकारिता करणारे हेन्री चॅडविक यांनी 1859 मध्ये बेसबॉलचा धावफलक मांडला. क्रिकेट त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. वाइडची धाव जशी फलंदाजाच्या खात्यात जात नाही, तशी वॉक ही त्यांना पिचरची चूक वाटली. त्यात फलंदाजाचे कर्तृत्व दिसले नाही. फलंदाजीच्या सरासरीत वॉकला जागाच उरली नाही. पुढे सरासरीवर नाव ठरू लागले आणि नावावर पगार.

या वहीला प्रश्न विचारणारा माणूस मैदानाबाहेरचा होता. कॅन्ससमधल्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीची राखण करणाऱ्या बिल जेम्स यांनी 1977 मध्ये स्वखर्चाने आपले पहिले पुस्तक काढले. त्यांचा प्रश्न साधा होता: सामना धावांनी जिंकला जातो, मग धावा नेमक्या कशामुळे होतात? व्यावसायिक संघांनी त्यांच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले.

ओकलंड ॲथलेटिक्स या संघाला मात्र हे दुर्लक्ष परवडणारे नव्हते. 2001 च्या हंगामानंतर त्यांचा सर्वोत्तम फलंदाज जेसन जियांबी सात वर्षांच्या 12 कोटी डॉलरच्या करारावर न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. ओकलंडच्या संपूर्ण संघाचा पगार वर्षाला साधारण 4 कोटी डॉलर होता; यांकीजचा त्याच्या तिपटीच्या घरात. ओकलंडचे जनरल मॅनेजर बिली बीन तरुणपणी रूपाने, बांध्याने हुबेहूब ‘स्टार’ दिसत. त्या जोरावर 1980 मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्यांना पहिल्या फेरीत निवडले, पण खेळाडू म्हणून ते चमकले नाहीत. डोळ्यांनी केलेली पारख किती फसवी असते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. अर्थशास्त्र शिकलेले सहकारी पॉल डीपोडेस्टा यांच्यासह त्यांनी, जेम्स यांच्या प्रश्नाचा धागा धरून, फटक्याने असो वा वॉकने, बाद न होता बेस गाठणारे फलंदाज शोधले. स्कॉट हॅटबर्ग हा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू, कोपराच्या दुखापतीमुळे नीट चेंडू फेकू शकत नव्हता. त्याला त्यांनी पहिल्या बेसवर उभे केले. 2002 मध्ये ओकलंडने 103 सामने जिंकले, यांकीजइतकेच. सलग विसावा विजय हॅटबर्गच्याच होमरनने मिळाला.

हे यश एकट्या आकडेमोडीचे नव्हते. बॅरी झिटो, टिम हडसन, मार्क मल्डर हे पिचर आणि मिगेल तेहादासारखा फलंदाज संघात आधीपासून होते. पण हॅटबर्गसारख्यांना जी संधी मिळाली, ती वहीतला रकाना दुरुस्त झाल्यामुळे. आकड्यांचे मोठेपण मला इथे दिसते: नजरेने ज्याला नाकारले, त्याला न्याय देण्याची ताकद त्यांच्यात आहे.

पुढे सगळेच संघ या वाटेने गेले. बॉस्टन रेड सॉक्सने बिल जेम्स यांनाच सल्लागार नेमले आणि 2004 मध्ये 86 वर्षांनी विजेतेपद मिळवले. मात्र प्रत्येक संघाचा हिशेब अचूक होत गेला तसा खेळ आटत गेला. होमरन मारा, वॉक मिळवा, नाहीतर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) व्हा, एवढेच उरू लागले. 2018 च्या हंगामात पहिल्यांदाच हिट्सपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. अखेर 2023 मध्ये नियम बदलावे लागले. पिचरला घड्याळ लावले, क्षेत्ररक्षकांच्या जागांवर बंधने आली आणि सामन्याचा सरासरी वेळ 3 तास 4 मिनिटांवरून 2 तास 40 मिनिटांवर आला. त्याआधीच ह्यूस्टन ॲस्ट्रोजने दुसरा धोका दाखवला होता. विश्लेषणाच्या बळावर उभा राहिलेला हा संघ 2017 मध्ये विजेता ठरला; पण त्या हंगामात कॅमेऱ्याच्या मदतीने प्रतिस्पर्धी कॅचरने पिचरला केलेल्या खुणा चोरल्याचे 2020 मध्ये सिद्ध झाले.

कसे जिंकावे हे आकडे सांगतात. कशासाठी खेळावे आणि कुठे थांबावे, हे माणसांनाच ठरवावे लागते. विद्यार्थ्याचे गुण, कर्मचाऱ्याची कामगिरी, कर्जदाराची पत हे सारे आज आपण मोजतो. ज्यांच्या हाती असे मोजमाप आहे, त्यांनी आकडे जरूर मागावेत. पण आपल्या वहीत कोणत्या गुणाला रकानाच नाही आणि त्याची किंमत कोण चुकवतो आहे, हे आधी तपासावे. वॉकची उणीव भरून निघायला शंभराहून अधिक वर्षे लागली. तेवढा वेळ कोणत्याही माणसाच्या आयुष्यात नसतो.