विहीर आपली, पाणी कोणाचे?

देवाने मनुष्यास बागेत ठेविले ते दोन कामांसाठी : तिची मशागत करावी आणि तिची राखण करावी. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील हा वृत्तांत आपणांस ठाऊक आहे. पैकी पहिले काम खेड्यातील ख्रिस्ती मनुष्यास शिकवावे लागत नाही. दुसऱ्याचा विचार मात्र आपण थोडाच करतो.

रोमन कॅथलिक मंडळीत या विचारास २०१५ साली मोठी चालना मिळाली. त्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्र काढिले आणि भूमीची हानी व गरिबांची हानी या एकाच दोषाची फळे होत, असे प्रतिपादन केले. आता त्या मंडळीतील तरुण आपल्या शेजारी राहतात, त्याच ओढ्याचे पाणी पितात. श्रद्धा आणि भूमीची राखण यांचा मेळ कसा घालावा, असे त्यांनी आपल्या एखाद्या उपदेशकास विचारिले, तर त्याने काय सांगावे?

"कमी वापरा" एवढेच सांगणे पुरेसे नाही. ज्याच्या घरी दोन हंडे पाणी येते, त्यास काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी मनुष्यास उपासाचे महत्त्व सांगणे होय. गरिबाची काटकसर ही सक्ती आहे, सद्गुण नव्हे. अधिक घेण्याची शक्ती असून जो घेत नाही, त्याच्याच ठायी सद्गुणाचा आरंभ होतो. म्हणून खेड्यातील तरुणाच्या हाती अशी शक्ती कोठे आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

कळवणकडे गिरणेच्या खोऱ्यात ती विहिरीत व बोअरमध्ये आहे. तेथील भूमीखाली काळा खडक आहे. पाणी त्याच्या भेगांतून व झिजलेल्या थरांतून राहते. या भेगांस बांध ठाऊक नाही. माझ्या कांद्यास मी रात्रभर पाणी दिले, तर शेजारणीचा पोहरा सकाळी कोरडा वर येऊ शकतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या भूमीखालचे पाणी घेण्याचा हक्क मालकास मानिला. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरांहून खोल विहीर घेण्यास मनाई केली. परंतु कायदा प्रत्येक शेतात पहारा करीत नाही. मग प्रश्न उरतो तो हा : जे माझ्या हक्काचे, ते घेणे नेहमी न्याय्यच असते काय?

इसहाकाने गरारच्या खोऱ्यात विहिरी खणल्या; तंटा झाला तेव्हा दोन सोडून त्याने तिसरी खणली. कळवणच्या शेतकऱ्यास सोडून जाण्यास मोकळे रान नाही. त्यास तेथेच राहून वाटून घेणे भाग आहे, आणि हे इसहाकाच्या त्यागाहून कठीण आहे.

वाटून घेणे साधते, याचे उदाहरण संगमनेर तालुक्यातील दरेवाडी होय. येशूसंघाचे स्विस धर्मगुरू हर्मन बाखर यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह १९९३ साली 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था स्थापिली. तिच्या साह्याने १९९६ पासून दरेवाडीकरांनी श्रमदान केले, उतारावर चर खणले, चराई व वृक्षतोड बंद केली. जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागे, तेथे विहिरींस पाणी आले. तथापि दुसरी बाजूही पाहावी. चराई बंद होताच मेंढ्या-शेळ्यांवर पोट असणाऱ्यांचे रान गेले. लाभ अधिक झाला तो शेत व विहीर असणाऱ्यांस. यावरून दिसते की, संयमही अन्यायाचा होऊ शकतो. संयम शिकविणाऱ्याने त्याची किंमत कोण देतो, हेही विचारिले पाहिजे.

तेव्हा तरुणांच्या मंडळास असे सुचवावे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गावातील काही विहिरींत दोर सोडून पाणी मोजावे व आकडे सर्वांस दिसतील असे लिहावे. मग एकत्र बसून विचारावे : पिण्याचे पाणी सर्वांस पुरेल काय? ज्यास शेत नाही, त्याचा वाटा कोणता? उसासारखे तहानलेले पीक या वर्षी घ्यावे काय?

कोणी म्हणेल, यात श्रद्धेचे काय काम? हिशेब पुरे. पण हिशेब तर उलटेच सांगतो. मी एकट्याने पंप बंद ठेविला, तर वाचलेले पाणी शेजाऱ्याच्या पंपात जाईल. नफ्याच्या दृष्टीने पहिला संयमी मनुष्य मूर्खच ठरतो. तरीही कोणी तरी पहिला झाल्यावाचून दुसरा होत नाही. परतफेडीची हमी नसता शेजाऱ्यासाठी हात आवरणे, हेच श्रद्धेचे काम होय. आणि त्या पहिल्या मनुष्यास एकटे पडू न देणे, हे मंडळीचे काम होय. तो कॅथलिक आहे की प्रॉटेस्टंट, हे विचारीत बसण्याचे कारण नाही. खडकातील पाण्याने ते कधी विचारिलेले नाही.