तराईचा ताप आणि थारूंची जमीन

डिसेंबर १९११मध्ये इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला आला. दहा दिवसांत त्याच्या लवाजम्याने ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले. असा बेत ऐन थंडीतच आखावा लागे, कारण पावसाळ्यात तराईतल्या चितवनच्या रानात तंबू ठोकणे म्हणजे जिवाशी खेळ. डोंगरातले लोक तिथल्या जीवघेण्या तापाला ‘औलो’ म्हणत. कामापुरते खाली उतरले, तरी रात्र काढायला ते पुन्हा चढण चढून घरी जात.

औलो म्हणजे मलेरिया. काठमांडूच्या राज्यकर्त्यांच्या तो पथ्यावरच पडला होता. दक्षिणेकडून ब्रिटिश फौज चालून आलीच, तर दाट झाडी आणि ताप हा पहिला तट होता. म्हणून ‘चार कोसे झाडी’ नावाचा हा जंगलपट्टा त्यांनी बराचसा तसाच राखला.

ते रान निर्मनुष्य मात्र नव्हते. तिथे थारू जमातीचे लोक भात पिकवत, मासे धरत आणि शेणामातीने लिंपलेल्या कुडाच्या घरांत पावसाळेही काढत. हे त्यांना कसे साधले? हिमोग्लोबिनची अल्फा साखळी घडवणारी जनुके माणसात सहसा चार असतात. थारूंपैकी बहुतेकांत त्यांतली एक किंवा दोन नसतात. या अल्फा थॅलेसेमियाने रक्त जरा फिके राहते, पण मलेरियाचा जोर पुष्कळच कमी होतो. शेजारच्या इतर लोकांपेक्षा थारूंना मलेरिया सुमारे सातपटीने कमी होतो, असे इटालियन संशोधकांना १९८८मध्ये आढळले. हा जनुकीय बदल त्या समाजात जवळजवळ सर्वत्र पसरल्याचे पुढे १९९१मध्ये दिसून आले. याला निसर्गाची देणगी म्हणवत नाही. ज्या मुलांत हा बदल नव्हता, ती पिढ्यानपिढ्या अधिक दगावली, तेव्हा कुठे तो इतका रुजला. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांत आणि गडचिरोलीच्या माडियांत सिकल सेलचे जनुक टिकले, त्यामागेही असाच हिशेब आहे. तिथली किंमत अधिक जबर: आई आणि बाप दोघांकडून ते जनुक आले, तर मुलाच्या वाट्याला जन्मभराच्या वेदना येतात.

तापाला पुरून उरलेल्या या समाजाला राज्याने मान दिला, असेही झाले नाही. १८५४च्या ‘मुलुकी ऐन’ या कायदासंहितेने थारूंना गुलाम करता येण्याजोग्या जातींत बसवले. तरीही त्यांची जमीन बव्हंशी त्यांच्याच ताब्यात राहिली, कारण ती बळकावायला येणाऱ्याला तिथे जगणे अवघड होते.

१९५०च्या दशकात अमेरिकेच्या मदतीने घराघरांत डासांवर डीडीटी फवारले गेले. ते योग्यच होते. हजारो जीव वाचले. चूक झाली ती जमिनीच्या बाबतीत. ताप ओसरल्यावर डोंगरातून लोंढे आले, रान तुटले, सातबाऱ्यासारख्या सरकारी दप्तरात ज्याचे नाव लागले तो मालक ठरला. पिढ्यानपिढ्या कसणाऱ्या, पण लिहिता-वाचता न येणाऱ्या थारूंकडे दाखवायला कागद कुठून असणार? इतिहासाचे सगळे श्रेय किंवा सगळा दोष डासाला देणारे अभ्यासक इथेच कमी पडतात. डासाने बाहेरच्यांना थोपवून धरले. जमीन कोणाची, हे तलाठ्याच्या जागी बसलेल्या माणसाने ठरवले.

पश्चिम तराईतली असंख्य थारू कुटुंबे मग ‘कमैया’ झाली, म्हणजे जमीनदाराकडे कर्जापोटी राबणारे वेठबिगार. थारूंचा वर्षाचा मोठा सण माघी. त्याच सुमारास पुढच्या वर्षाचे करार होत. ‘सौंकी’ नावाचे ते कर्ज बापाकडून मुलाकडे येई, आणि नवा मालक मिळाला तर तो जुन्याचे कर्ज फेडून अख्खे कुटुंब नेई. १७ जुलै २००० रोजी सरकारने कमैया प्रथा संपल्याचे जाहीर केले, तेव्हा मालकांनी घराबाहेर काढलेली कुटुंबे रस्त्याकडेला प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली राहिली. पुढे पुनर्वसनात त्यांना मिळाली ती फार तर पाच कठ्ठे जमीन, म्हणजे अर्ध्या एकराहूनही कमी. काहींच्या वाट्याला तर नदीकाठचा, पुरात खचणारा तुकडा आला.