हातोडा खाली ठेव!

आधी तो हातोडा खाली ठेव. ‘सर, स्टड गंजलेलाच होता’ हे मला सांगू नकोस. पद्मिनी गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड गंजणारच! पोलादी स्टड, ॲल्युमिनियमचं हेड आणि वर्षानुवर्षांची धग. गंज डोळ्यांना दिसत होता, तरी पान्याला पाइप लावून लोंबकळलास. तुटणार नाही तर काय?

आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकायला किती कष्ट पडतात रे? नट आधी किंचित आवळायचा, पकड सुटली की उलटा फिरवायचा. अडला की पुन्हा आवळ, पुन्हा तेल. सहाकोनी सॉकेट समोर असताना झिजलेलं बाराकोनी लावून नटाचे कोपरे खाल्लेस, ते वेगळंच.

आणि हेडच्या फटीत स्क्रूड्रायव्हर कोणी घातला? ब्लॉक बिडाचा आहे, हेड मऊ ॲल्युमिनियमचं. तिथे ओरखडा पडला की उद्या गॅस्केट उडालंच म्हणून समज. हेड उतरवायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावर. नट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करत. एका टोकाकडून मोकळं करत गेलास तर हेड वाकतं.

या डब्यात काय आहे? चारही कनेक्टिंग रॉडच्या कॅप एकत्र? अरे, प्रत्येक कॅप आपापल्या रॉडला जोडूनच मशीनवर कातलेली असते. अदलाबदल झाली की बेअरिंग खाल्लंच. काढण्याआधी आकडे बघायचे, नसतील तर पंचाने खुणा करायच्या.

पिस्टनला अजून हात लावला नाहीस, हे नशीब. सिलिंडरच्या वरच्या कडेवर बोट फिरव. लागला ना उंचवटा? रिंग तिथवर पोचत नाही, म्हणून तेवढाच भाग झिजायचा राहतो. तो आधी रीमरने काढ. तसाच पिस्टन वर ठोकलास तर रिंगांमधली पट्टी तुटेल.

कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघायची बंद होऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. तू मोडशील तो भाग दुकानात तयार मिळेल, या भ्रमात राहू नकोस.

आता तुटलेला स्टड तूच काढायचास. बरोबर मध्यावर पंच, मग बारीक ड्रिल. त्या भोकात घालून स्टड उलटा फिरवायच्या इझी-आउटवर जोर केलास तर ते कडक पोलाद आत तुटेल, आणि त्यात साधं ड्रिलही शिरणार नाही. यापुढे नट अडला की थांबायचं आणि मला हाक मारायची. नाही थांबलास, तर उद्यापासून पान्याऐवजी झाडू घे.