मधल्याचा दोष

गेल्या भाऊबीजेला आमच्या मेहकरच्या घरी एक लहानसा खटला चालला. आरोपी माझा भाचा. न्यायाधीश अर्थात मी.

त्याचा लॅपटॉप लिनक्सवर चालतो. फिनलंडातल्या लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ते सुरू केले आणि पुढे जगभरच्या लोकांनी वाढवले; वापरायला पैसे पडत नाहीत. लोणारची छायाचित्रे दाखवण्यासाठी त्याने तो आमच्या नव्या टीव्हीला जोडला. सरोवर दिसले नि पडदा काळा झाला. पुन्हा दिसले, पुन्हा काळोख!

"फुकटचं ते असंच असायचं!" मी सर्वांदेखत म्हणालो.

पोरगा उलटून बोलला नाही. "मामा, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो," एवढेच म्हणाला. टीव्हीचे भोक बदलले, फरक नाही. मग सेकंदाला ६० चित्रे जात होती, ती त्याने ३० केली. सरोवर स्थिर! शेजाऱ्यांची नवी केबल लावून पुन्हा ६० केली, तरीही स्थिर.

गंमत अशी की, पडदा आपली ताकद लॅपटॉपला कळवतो आणि तेवढे ओझे लॅपटॉप पाठवू लागतो. मधल्या केबलला कोणी विचारीतच नाही. आमची केबल सेकंदाला १०.२ गिगाबिटची, ३८४० बाय २१६० ठिपक्यांची ६० चित्रे न्यायला १८ ची लागते. जुन्या टीव्हीची तिने निमूटपणे सेवा केली होती. तिला तरी दोषी कसे म्हणावे? दोन व्याही परस्पर ठरवून मोकळे होतात आणि निभावायचे सुनेने, त्यातलाच हा प्रकार.

आणि मी? मला जे अनोळखी, तेच मी गुन्हेगार ठरवले. लोणारच्या विवराचेही बरीच वर्षे असेच झाले, फक्त उलट्या बाजूने. भोवती सगळा लाव्हाचा काळा खडक. तेव्हा संशय ओळखीच्या ज्वालामुखीवर. आघातानेच बनणारी काच त्या खडकात सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि उल्केचे नाव पक्के झाले. पण ज्वालामुखीला वाईट वाटत नाही, भाच्याला वाटते.

रात्री तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला, तेव्हा मी हळूच म्हणालो, "माझं चुकलं रे."

"जाऊ द्या हो मामा," तो हसला.

ओट्याशी ताई उभी होती. ती मागे न वळताच म्हणाली, "इथं कशाला सांगतोस? बाहेर सगळे अजून बसलेत."