कपाटामागची भिंत

"काका, घर विकायचंय ना? मग ते तुमचं वाटता कामा नये," एजंट म्हणाला. कोथरूडमधला आमचा फ्लॅट, इमारत नव्वदच्या दशकातली. लिफ्ट नाही आणि जिने आता झेपत नाहीत, म्हणून विकायला काढलेला. फोटो उतरवा, फ्रिजवरची औषधं हलवा, बाल्कनीतल्या दोऱ्या सोडा, निम्मं सामान कुणाकडे तरी पाठवा, असं फर्मान सुटलं. ते निमूट ऐकलं, पण ते पहिलं वाक्य डोक्यातून जाईना.

घर दाखवण्याआधी झाडून-पुसून घ्यावं, गळका नळ आणि गेलेली ट्यूब बदलावी, याबद्दल वाद नाही. बघण्याच्या कार्यक्रमाची आणि कांदेपोह्यांची उपमाही कुणालाही सुचेल, ती सोडून देऊ. माझं म्हणणं इतकंच, की आवरणं वेगळं आणि झाकणं वेगळं. पाहुणे येणार म्हणून चादर बदलली तर ते आवरणं. सोफ्याच्या उसवलेल्या शिवणीवर उशी ठेवली तर ते झाकणं. पहिल्यात येणाऱ्याचा मान असतो, दुसऱ्यात त्याला बनवणं असतं. घर मोकळं करून दाखवण्याचा हा प्रकार मला सरळसरळ दुसऱ्या जातीचा वाटला. माणसं राहतात तसं दाखवा ना घर! पसारा असणारच, आणि तोच खरा.

एजंटाचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या भरल्या संसारात पार्टीला स्वतःचा सोफा कुठे बसेल ते दिसत नाही. हे पटण्यासारखं आहे. पण गृहस्थांच्या बाकीच्या सूचना ऐकल्या की नियत कळते. पार्टी रविवारी सकाळी अकरालाच आणायची, कारण संध्याकाळी खालचा रस्ता तुंबतो आणि हॉर्न बेडरूमपर्यंत येतात. सगळे दिवे आधीच लावून ठेवायचे, म्हणजे स्वयंपाकघरात भरदिवसाही अंधार असतो हे लक्षात येत नाही. पाणी किती वाजता येतं असं विचारलं, तर "भरपूर येतं" म्हणायचं.

आणि पार्टीही या नाटकात हौसेने काम करते. आयुष्यभराची कमाई, वर वीस वर्षांचं कर्ज, आणि घर बघायला जेमतेम पंधरा मिनिटं. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघणारी माणसं इथे संडासाचा फ्लशसुद्धा ओढून बघत नाहीत. संकोच वाटतो. परक्याच्या घरात पलंगाखाली वाकायचं कसं, नळ सोडून बघितला तर वहिनी काय म्हणतील? मग चहा होतो, "छान ठेवलंय हो घर" होतं, आणि जिना उतरता उतरता टोकनचा आकडा ठरतो. वास्तूच्या बाबतीत मात्र कुणालाही संकोच नसतो. मोबाइलवरचं होकायंत्र दारातच बाहेर निघतं.

नव्या घराला निदान रेराचा 2016चा कायदा आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरला तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. आमच्यासारख्याने विकलेल्या जुन्या घराला तशी हमी नाही. तिथे आधार आहे तो 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा. वेगळा करार नसेल, तर त्याच्या कलम 55नुसार मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि नेहमीच्या काळजीने बघूनही त्याला सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणं हे कपट धरलं जातं. म्हणजे माझा आवरण्या-झाकण्याचा भेद इंग्रजांच्या काळापासून कायद्यात बसलेला! खूश व्हायला हरकत नव्हती, पण एक अट आडवी आली: दोष विकणाऱ्याला माहीत हवा.

सामान हलवताना हमालांनी बेडरूममधलं लोखंडी कपाट ओढलं. मागे गुडघाभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले. बोट लावलं की पांढरा क्षार झडतो, तळवा टेकला की गारवा लागतो. पलीकडे बाथरूम. कपाट काही लपवायला म्हणून तिथे ठेवलेलं नव्हतं, त्या मापाची तेवढीच जागा होती. तरी इतकी वर्षं ती ओल झाकली आमच्या संसारानेच. 'राहतं घर' आहे तसं दाखवलं असतं, तर ती भिंत पार्टीला दिसली नसती. मलाही दिसली नसती, आणि कायद्यापुढे मी स्वच्छ राहिलो असतो! पसारा घेणाऱ्याला फसवतो, ते ठीकच. त्याहून सोयीचं म्हणजे तो विकणाऱ्याला अज्ञानात ठेवतो.

तेव्हा घर मोकळं करायला हवं हे एजंटाचं म्हणणं बरोबर, त्याचं कारण तेवढं चुकीचं. सतरंजी उचलली की तडकलेली फरशी दिसते, माळा रिकामा केला की स्लॅबवरचा डाग दिसतो. पार्टीला भुलवायला नव्हे, तिच्याआधी आपल्याला दिसावं म्हणून घर रिकामं करायचं.

एजंटाला भिंत दाखवली. "दोन हात पुट्टी, वर डिस्टेंपर. काम तमाम!" बाथरूमच्या ओलीवर पुट्टी फार तर नव्या मालकाच्या वास्तुशांतीपर्यंत टिकते. म्हणून आधी बाथरूमची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग, मग भिंत वाळू द्यायची, रंग शेवटी. तोवर दोन पार्ट्या हातच्या जातील, हे त्याचं म्हणणं खरं आहे. ज्या येतील त्यांना फाइलमध्ये इंडेक्स टूच्या मागे दुरुस्तीचं बिल आणि आधीच्या भिंतीचे फोटो लावलेले मिळतील. फोटो बघून त्या भाव पाडणार, हेही नक्की. किती पाडायचा यावर बोलू, आणि त्याच बैठकीत एजंटाच्या कमिशनवरही.