वाटेचा हिशोब

बारावीच्या रसायनशास्त्रात हेसचा नियम दोन-तीन मार्कांना असतो. रासायनिक क्रिया एका टप्प्यात करा नाहीतर दहा टप्प्यांत, सुरुवातीचे आणि शेवटचे पदार्थ तेच असतील तर उष्णतेतला एकूण बदल तोच येतो. समीकरणं उलटीसुलटी करायची, बेरीज करायची, उत्तराखाली रेघ मारायची. हदगावहून लातूरला क्लासला गेलेल्या आमच्यासारख्यांनी ही गणितं इतकी सोडवलीत की झोपेतही अधिक-उण्याचं चिन्ह चुकायचं नाही. पण नियम नेमकं काय म्हणतोय याचा विचार करायला तेव्हा कुणाला वेळ होता? तो म्हणतो, वाट मोजू नका. कुठून निघालात आणि कुठे पोचलात, एवढंच सांगा.

हेस हा माणूस १८०२ साली जिनिव्हात जन्मला, पण आयुष्य गेलं रशियात. गंधकाम्लात आधी कमी पाणी घालून, मग जास्त पाणी घालून, नंतर ते अमोनियानं उदासीन करून तो प्रत्येक वेळी उष्णता मोजत राहिला. टप्पे बदलले तरी बेरीज हलेना. हे त्यानं १८४० मध्ये मांडलं. मायर आणि जूल यांचं ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचं काम त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आलं. म्हणजे मोठा नियम यायच्या आधीच त्याचा एक तुकडा या माणसाच्या हाती लागला होता.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. तुमच्या घराला कधी चुना दिला असेल तर कळीचा चुना विझवताना पाहिला असेल. पिंपात पांढरे खडे टाकायचे, वरून पाणी ओतायचं आणि लांब व्हायचं. खाली जाळ नाही, काही नाही, तरी पाणी खदखदायला लागतं. एक किलो कळीचा चुना पूर्ण विझला तर साधारण १,१६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. कागदावर पाहिलं तर साडेतीन लिटर गार पाण्याला आधण येईल एवढी. लहानपणी ही जादू वाटायची. ती जादू नाही, उधारी आहे. चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली तेव्हा तिनं गिळलेल्या उष्णतेतला काही भाग ती आता पिंपात परत करतेय. मराठीनं हे फार आधी ओळखलेलं दिसतं. आपण चुना 'भिजवतो' तसा 'विझवतो'ही. जे पेटलेलंच नाही ते विझवायचं कसं? पण ते पेटलेलं असतं, फक्त शेकडो किलोमीटर लांब, दुसऱ्या कुणाच्या तरी भट्टीत.

हिशोब इथे संपत नाही. भिंतीवरचा ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत एका मोलमागे १७८ किलोज्यूल आत गेले. विझवताना ६५ बाहेर आले. भिंतीवर वाळता वाळता, महिनोन् महिने, कुणाच्या हाताला कळणारही नाही अशा बेतानं उरलेले ११३ बाहेर येतात. एकशे अठ्ठ्याहत्तर वजा पासष्ट वजा एकशे तेरा. शून्य. दगड होता, दगड झाला. निसर्गाच्या खातेवहीत काही घडलेलंच नाही.

मला हे शून्य एकाच वेळी सुंदर वाटतं आणि खुपतंही.

यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ राजूरला चुनाभट्ट्या आहेत. मुंबईत तर हार्बर लाइनवर एका स्टेशनाचंच नाव चुनाभट्टी आहे. भट्ट्या गेल्या, नाव तेवढं राहिलं. भट्टीवर दगड फोडणं, भरणं, जाळ धरणं, भाजलेल्या खड्यांच्या भुकटीत उभं राहून ते भरून काढणं हे सगळं माणसं करतात. कळीच्या चुन्याची धूळ घामाला लागली की जे पिंपात होतं तेच कातडीवर होतं. ती उष्णताही त्याच ६५ मधली आहे. हेसच्या बेरजेत ती आलेली आहे, फक्त कुणाच्या अंगावर निघाली त्याचा रकाना तिथे नाही. शिवाय भट्टीतला कोळसा. चुनखडीचं चक्र पूर्ण होतं, कोळशाचं होत नाही. भिंत जो कार्बन डायऑक्साइड परत घेते तो दगडातून सुटलेल्या वाट्याचा. कोळशाच्या धुराला ती भिंत पुरत नाही.

यात नियमाची चूक काही नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढ्याचं त्यानं चोख उत्तर दिलं. अडचण आपली आहे. रसायनशास्त्रातली ही सवय आपण माणसांच्या कारभारात उचलून आणतो आणि शून्य आलं की समाधानानं वही मिटतो. २०२१ मध्ये ग्लासगोला भारतानं २०७० पर्यंत 'नेट झिरो' होण्याचं जाहीर केलं. मोठमोठ्या कंपन्यांनीही आपापली सालं दिलीत. मी त्याची टिंगल करत नाही, वातावरणाला खरोखरच बेरीजच कळते. पण या 'नेट'मध्ये अधिकची बाजू एका गावात असते आणि उणेची दुसऱ्या, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. माझ्या धंद्यातही हेच चालतं. सॉफ्टवेअर वेळेत गेलं की गेलं. ते नऊ ते सहा बसून झालं की तीन पोरांनी पंधरा रात्री जागून केलं, हे रिलीज नोटमध्ये येत नाही. ग्राहकाच्या हातात पडणारा कोड अक्षराअक्षरानं सारखाच असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलेलं पाणीही नळाच्या पाण्याहून वेगळं नव्हतं.

तर मग प्रत्येक वस्तूची, प्रत्येक माणसाची वाट विचारत बसायचं का? इथपर्यंत आलो की माझा पाय अडखळतो. कारण वाट विचारण्यात आपला देश पटाईतच आहे. 'कुठले तुम्ही?' 'आडनाव काय?' 'हदगाव म्हणजे गावातले की वाडीवरचे?' सगळे वाटेचेच प्रश्न. जात म्हणजे दुसरं काय, माणसाला तो आत्ता काय आहे ते न पाहता कुठून आला त्यावर मोजणं. त्या अर्थानं राज्यघटनेचा समतेचा हक्क हेसच्या नियमासारखा आहे. माणूस समोर उभा आहे ना, बस, वाट विचारायची नाही. ज्यांच्या वाटेवर पिढ्यान् पिढ्या काटे टाकले गेले त्यांना ही विस्मृती केवढा मोकळा श्वास देत असेल! पुण्यात माझ्या पहिल्या मुलाखतीत मला कुणी गाव विचारलं नाही, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

आणि तीच घटना आरक्षण देते तेव्हा वाट आठवते. दोघांचे मार्क सारखे असले तरी ते कुठून चालत तिथवर आले, ते बघते. मित्रांमध्ये यावर वाद होतो तेव्हा दोन्ही बाजू 'सरळ तत्त्व काय ते सांगा' म्हणून आग्रह धरतात. मला यात विसंगती वाटत नाही. दार उघडताना वाट विचारू नये आणि झिजलेल्या पायांचा हिशोब करताना विचारावी. वाट कोण विचारतंय आणि कशासाठी, यावर सगळं आहे. कमी देण्यासाठी विचारली तर तो अपमान होतो. कुणाचं देणं लागतो हे कळावं म्हणून विचारली, तर ती निदान उधारीची कबुली आहे. चुन्याच्या बाबतीत आपण दुसऱ्या प्रकारे कधी विचारतच नाही.

घरी मात्र हा युक्तिवाद माझ्यावरच उलटला. आमच्याकडे गॅस आहे, तरी आई अंघोळीचं पाणी चुलीवर तापवते, कपाशीच्या पऱ्हाट्या लावून. न्हाणीला लागून बंदिस्त कोपरा, धूर कोंडलेला, आईचे डोळे लाल. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला साधारण २,१०० किलोज्यूल लागतात. ते गॅसनं दिले काय नि पऱ्हाट्यांनी दिले काय, पाण्याला फरक नाही. साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते, बाकी धुरासोबत जाते. हे सगळं मी तिला सांगितलं. म्हटलं, "आई, पाणी तेच आहे, पण तुझ्या छातीतून जातंय ते."

ती म्हणाली, "आरं, पऱ्हाट्या वावरात जाळायच्याच हायेत. तिथं जाळल्या तर नुसता धूर. हितं पाणी तरी तापतंय."

हे तर हेसचंच बोलणं! पऱ्हाटी वावरात जळो की चुलीत, एकूण उष्णता तेवढीच निघणार. पण एका वाटेनं ती आभाळात जाते आणि दुसऱ्या वाटेवर मधे बादलीभर पाणी तापवून जाते. वाटेचा हिशोब ती माझ्यापेक्षा बारकाईनं करत होती. फक्त त्यात स्वतःचे डोळे धरत नव्हती. कदाचित धरतही असेल आणि गॅसच्या टाकीच्या किमतीपुढे तिला ते स्वस्त वाटत असतील. ते मी विचारलं नाही.

संक्रांतीला गेलो तेव्हा भाऊ आणि मी चूल उचलून अंगणात शेवग्याखाली मांडली. वारं लागतं, त्यामुळे पऱ्हाट्या थोड्या जास्त जळतात. पाणी तापायला पहिल्यापेक्षा वेळ लागतो, म्हणून ती कुरकुरते. धूर आता शेजारच्या काकूंच्या दोरीवरच्या कपड्यांवर जातो, आणि त्यावरून दोघींचं बोलणं झालंय.