बापास विचारलेला प्रश्न

शास्त्रपाठ : मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय ९, वचने १४ ते २९



ह्या पाठावर उपदेश करताना आम्ही उपदेशक बहुधा शिष्यांच्या अल्पविश्वासाविषयी बोलतो, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु आज आम्ही तुमचे लक्ष एका लहानशा गोष्टीकडे वेधू इच्छितो. मुलगा भुईवर पडून लोळत आहे, त्याच्या तोंडास फेस आला आहे, शास्त्री वाद घालून राहिले आहेत, लोकांची झुंबड उडाली आहे. आणि अशा वेळी प्रभू बापाकडे वळून, हे दुखणे किती काळापासूनचे आहे, असे त्यास विचारतो. मुलास वाचा नव्हती. त्याचे दुखणे जाणणारा त्या गर्दीत बापच होता, म्हणून प्रभूने त्यासच विचारले.

राजूरास कोळशाच्या खाणीवरून किंवा चुन्याच्या भट्टीवरून थकून येणाऱ्या आईबापांच्या घरी जन्मतः मंद बुद्धीचे मूल असले, म्हणजे त्यास येडा म्हणावयास गाव तयार असतो. (सरकारी कागदात आता बौद्धिक दिव्यांग असे लिहितात, तो शब्द बरा आहे.) हे मूल एके दिवशी जेवण टाकते, डोके भिंतीवर आपटते, रात्रभर ओरडते. घरचे म्हणतात, ते तसेच आहे. दवाखान्यातही कधी कधी हेच उत्तर मिळते. वास्तविक त्याची दाढ किडलेली असते, कान फुटलेला असतो, अथवा आठ दिवस शौचास झालेले नसते. बुद्धीतली उणीव सर्वांस दिसते, आणि तिच्या छायेत देहाचे दुखणे झाकून जाते.

हे आम्ही मनचे सांगत नाही. इंग्लंडात ब्रिस्टल येथील विद्यापीठाने अशा लोकांच्या मरणांची एकेक करून चौकशी केली आणि ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे पुरुष इतरांहून सरासरी १३ वर्षे व स्त्रिया २० वर्षे आधी मरतात, असे तीत आढळले. आणि कित्येक मरणे चांगल्या औषधोपचाराने टळण्याजोगी होती. जेथे सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत, अशा धनवान देशाची ही गोष्ट आहे.

त्या देशात ह्याच कामाचे निराळे शिक्षण घेतलेल्या परिचारिका आहेत. त्यांची शिकवण अशी की, रोग्याची रोजची रीत आधी जाणून घ्या, म्हणजे बदल कळेल. आणि वागणे एकाएकी बदलले तर प्रथम देह तपासा. ह्यासाठी त्या एक कागद रोग्यासोबत ठेवितात. त्याला दुखले म्हणजे तो काय करितो, काय खातो, कशास भितो, कोणती गोळी चालू आहे, हे त्यावर लिहिलेले असते. आमच्या प्रत्येक उपदेशकास लिहिता येते. त्याने आईपाशी बसून असा कागद लिहावा, आणि लिहिताना तिला बोलू द्यावे. अशा मुलास आडवे निजवून भरवू नये, कारण घास श्वासनळीत जाऊन फुफ्फुसाचा रोग होतो. डाऊन सिंड्रोमचे मूल असेल तर त्याचे हृदय अवश्य तपासवावे. जवळजवळ निम्म्या अशा मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो.

मिरगीविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे, कारण अशा मुलांत ती पुष्कळ आढळते. झटका आला असता जोडा हुंगविणे, तोंडात चमचा घालणे, हे सोडून द्या. मुलास कुशीवर निजवा, आणि पाच मिनिटांत झटका न थांबल्यास दवाखाना गाठा. प्रभूने त्या मुलातून आत्मा घालविला, मग गोळी घेणे हा अविश्वास नव्हे काय, असे काही जण विचारतात. प्रार्थना व गोळी ह्यांमध्ये आम्हांस कोणतेही वैर दिसत नाही. जो प्रार्थना करून गोळी बंद करितो, तो मुलाचा जीव धोक्यात घालतो. तसेच हे कोणाच्या पापाचे फळ, असे त्या आईस कोणी विचारू नये. जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला, तेव्हा प्रभूने तो नाकारला.

आईबापांच्या उरात आणखी एक भय असते : आमच्यामागे ह्याचे कोण? अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर ह्यांनी टाकून दिलेल्या अशा पुष्कळ मुलांस वाढविले व त्यांस आपले नाव दिले. २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. ते आमच्या मंडळीचे नव्हेत. तरी त्यांचे काम पाहून आम्हांस संकोच वाटतो. प्रत्येक गावी शंकरबाबा मिळणार नाहीत. पण १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा प्रौढ मनुष्यास पालक नेमून घेता येतो आणि त्याचा अर्ज जिल्ह्यातील समितीकडे करावयाचा असतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षास १ लाख रुपयांपर्यंत औषधोपचाराचा विमा आहे. त्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. राजूरहून यवतमाळास जाऊन येण्यात दिवस जातो, मजुरी बुडते, म्हणून कित्येक आया जातच नाहीत. तेव्हा मंडळीच्या पंचांनी ती मजुरी व मोटारीचे भाडे दानाच्या पेटीतून द्यावे, आणि उपदेशकाने त्या आईसोबत जावे.